एका पेटीत किती बाळं?

सप्टेंबर २०१७ मध्ये नाशिकचं जिल्हा रुग्णालय देशभरच्या बातम्यांत आलं. तिथल्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात एकट्या ऑगस्ट महिन्यात ५५ बाळं दगावली होती. एप्रिलपासूनचा आकडा १८७ होता. बहुतेक बाळं अपुऱ्या दिवसांची होती, त्यांची फुफ्फुसं कच्ची होती, अनेकांना खासगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या क्षणी आणलं गेलं, असा खुलासा रुग्णालयानं केला. त्याच खुलाशातून आणखी एक गोष्ट समोर आली. कक्षात १८ इन्क्युबेटर होते आणि जागा नसल्यानं एकेका पेटीत दोन, कधी तीन बाळं ठेवावी लागत होती.

चर्चा झाली ती ५५ या आकड्यावर. हलगर्जी कुणाची, राजीनामा कुणाचा, यावर चार दिवस गदारोळ झाला आणि विषय मागे पडला. माझ्या दृष्टीनं त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मात्र पेट्यांविषयीचं होतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ अशक्त असतं हे खरं, पण एका पेटीत तीन अशक्त बाळं ठेवली की एकाचा संसर्ग तिघांचा होतो, आणि हे काही निसर्गानं केलेलं नसतं. रुग्णालयात नवजात बाळांना होणारा संसर्ग आपण नशिबाच्या नाहीतर परिचारिकांच्या निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकतो. वास्तविक तो जागेचा, माणसांचा आणि आईला कुठं उभं करायचं याचा प्रश्न आहे. या तिन्ही गोष्टी ठरवणं सरकारच्या हातात आहे, आणि त्याबद्दल जाब विचारणं आपल्या.

नाशिकच्या त्या कक्षातली गर्दी नाशिक शहरात तयार होत नाही. ती नामपूरसारख्या गावांतून निघते. नामपूर हे बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं बाजाराचं गाव, कांदा-डाळिंबाचा पट्टा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया बाळंतपणासाठी इथल्या ग्रामीण रुग्णालयात येतात. बाळ वेळेआधी जन्मलं, दीड किलोचंही भरलं नाही, तर पुढं मालेगाव, आणि तिथं जागा नसेल तर नाशिक. सटाणा, देवळा करत महामार्गाला लागायचं. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. रुग्णवाहिकेत बाळासोबत बाप असतो, आजी असते. बाळंतीण मात्र बहुतेक वेळा मागंच राहते. तिचे टाके ओले असतात, ती स्वतः दाखल असते, ‘आईला नंतर घेऊन या’ असं सांगितलं जातं. म्हणजे बाळ एका जिल्ह्याच्या ठिकाणी, आई मागं गावात, आणि तिचं पहिलं चिकाचं दूध कुणाच्याच उपयोगी नाही. संसर्गाविरुद्धची लढाई आपण पहिल्या तासातच अर्धी हरलेलो असतो, ती अशी.

अर्धी का, ते समजून घ्यायला हवं. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, पण ती सारखी जात नाहीत. त्यांचा मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत मिळतो. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास बाळाकडे आईच्या निम्मी प्रतिपिंडं असतात. पूर्ण दिवस भरल्यावर ती आईइतकी किंवा तिच्याहून जास्त होतात. आपल्याकडे सातव्या महिन्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, अशी एक जुनी समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाला संरक्षण देतो. जे बाळ तिसाव्या आठवड्यात बाहेर आलं, त्याच्या वाट्याला ही शिदोरी अर्धीच आली. शिवाय त्याची त्वचा कागदासारखी पातळ, चिकटपट्टी ओढली तरी सोलवटते. नाकात नळी, हातात सुई, नाळेत कॅथेटर. जंतूला आत शिरायला जितक्या वाटा असू शकतात, तितक्या सगळ्या उघड्या.

या वाटांनी जीवाणू शिरतात हे डॉक्टरांना ठाऊक असतं आणि त्यावर प्रतिजैविकं सुरूही होतात. विषाणूंचं तसं होत नाही. आरएसव्ही नावाचा श्वसनमार्गाचा विषाणू मोठ्या माणसाला साधी सर्दी देतो. नाक वाहतं, दोन शिंका येतात, माणूस कामाला जातो. तोच विषाणू वेळेआधी जन्मलेल्या बाळापर्यंत पोचला तर कधी कधी ताप नाही, खोकला नाही, बाळ श्वास घ्यायचंच थांबतं. दूध ओढेनासं होतं, अंग गार पडतं, मलूल होतं. जीवाणूच्या संसर्गातही लक्षणं हीच. म्हणून निदान ‘जंतुसंसर्ग’ होतं, औषध प्रतिजैविकाचं चालू होतं, आणि विषाणू नोंदवहीत येतच नाही. फ्रान्समध्ये जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात एको विषाणू-११ मुळे ९ नवजात बाळं गंभीर आजारी पडली, त्यांतली ७ दगावली. बहुतेक अपुऱ्या दिवसांची होती. तिथल्या यंत्रणेनं विषाणू शोधला, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं जगाला सावध केलं. आपल्याकडे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कक्षात असंच काही घडलं तर ते ‘कमी वजन’ या रकान्यात जमा होईल.

आता असा विषाणू बाळापर्यंत पोचतो कसा? बाळ स्वतः कुठं जात नाही. त्याच्याकडे जातात ते आपले हात. नवजात कक्षातल्या एका सिस्टरचा एक तास डोळ्यांसमोर आणा. तीन-चार आजारी बाळांमागे एक परिचारिका, हे साधारण प्रमाण मानलं जातं. गर्दीच्या दिवसात तिच्याकडे आठ बाळं आली असं धरू. नळीनं दूध द्यायचं, लंगोट बदलायचा, सलाईन बघायची, ऑक्सिजनचा प्रोब सरळ करायचा. प्रत्येक बाळाला तासातून फक्त दोनदा हात लावला असं मानलं, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी आधी व नंतर हात निर्जंतुक केले, तर तासाला ३२ वेळा. एका वेळेला ३० सेकंद धरले तरी १६ मिनिटं निव्वळ हातांना. तासाचा चौथा हिस्सा त्यातच संपतो. त्यात एखाद्या बाळाचा श्वास अडकला, बाहेरून नवं बाळ आलं, नातेवाईक दाराशी रडत उभे राहिले, की हे गणित कोलमडतं. मग ती हात धुणं टाळते असं म्हणायचं का? तिच्या हातात असलेल्या वेळेतून आपणच ते काढून घेतलेलं असतं. चार बाळं असती तर तेच काम आठ मिनिटांत बसलं असतं. म्हणून कक्षात एक परिचारिका वाढवणं हा संसर्ग नियंत्रणाचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि खरेदीच्या यादीत तोच सर्वांत शेवटी येतो. यंत्राचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते; भरलेल्या पदाचं उद्घाटन होत नाही.

याच सिस्टरला सर्दी झाली तर काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. बदली माणूस नाही, कंत्राटी नोकरीत रजा घेतली तर पगार कापला जाण्याची धास्ती, म्हणून ती नाक पुसत कामावर येते. तिच्यावर बोट दाखवणं सोपं आहे. पण आजारी परिचारिकेला भरपगारी रजा आणि तिच्या जागी दुसरी व्यक्ती, ही सोय नसेल तर आरएसव्ही कक्षात येणारच. नवजात कक्षापुरता आजारपणाच्या रजेचा नियम हा औषधोपचाराइतकाच महत्त्वाचा आहे.

हातांच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट कामाची आहे. दारातल्या बाटलीतलं अल्कोहोलयुक्त द्रावण सगळ्या विषाणूंवर सारखं चालत नाही. आरएसव्ही, इन्फ्लुएन्झा, कोरोना यांच्याभोवती स्निग्ध आवरण असतं. अल्कोहोल ते फोडतं. रोटा, एन्टेरो, ॲडेनो या विषाणूंना असं आवरण नसतं आणि ते चिवट असतात. लंगोट बदलल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणं याला पर्याय नाही. आता उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवणाऱ्या गावातल्या रुग्णालयाचा विचार करा. बेसिन आहे, कोपरानं उघडणारा नळ आहे, पण दुपारनंतर टाकी कोरडी. अशा ठिकाणी भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र लावून काय होणार? चोवीस तास वाहतं पाणी हा तिथला पहिला उपचार आहे.

त्याऐवजी आपण जपतो ते विधी. चपला बाहेर काढा, हिरवा गाऊन घाला, अधूनमधून कक्ष रिकामा करून धुरी द्या. यातून शिस्त दिसते, नातेवाइकांना धाक बसतो. पण कक्षात शिरणाऱ्यांनी गाऊन घातल्यानं बाळांमधला संसर्ग कमी होतो, याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. अंगावर गाऊन आणि त्याच हातानं खिशातला मोबाईल काढून पुन्हा बाळाला स्पर्श, हे मात्र रोज घडतं.

हा दोष केवळ गरीब रुग्णालयांचा आहे असंही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नामांकित बालरुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षातल्या २३ बाळांना ॲडेनो विषाणूची लागण झाली, त्यांतली ४ दगावली. शोध घेतल्यावर धागा सापडला तो डोळ्यांच्या तपासणीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं दृष्टिपटल बिघडू नये म्हणून ही तपासणी करावीच लागते. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना तपासणीची उपकरणं नीट निर्जंतुक केली जात नव्हती. त्यांच्यावर विषाणूचे अंश मिळाले. एवढा पैसा, एवढी यंत्रणा असूनही विषाणूनं एका भिंगावरून वाट काढली. पण त्यांनी मोजलं, शोधलं, जाहीर केलं, आणि पद्धत बदलली. आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते हे: संसर्ग झाला हे लाजेनं लपवायचं नाही, तो कुठून आला हे खणून काढायचं.

आता आईकडे येऊ. नवजात कक्षात आई ही आजही पाहुणी असते. तासाच्या तासाला बोलावलं की आत, दूध काढून दिलं की बाहेर, रात्र कॉरिडॉरमध्ये. कारण दिलं जातं संसर्गाचं. हे कारण तपासून पाहिलं तर उलटंच दिसतं. १९७८ च्या सुमारास कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात नाशिकसारखीच स्थिती होती. इन्क्युबेटर अपुरे, एकात अनेक बाळं, आणि एकापासून दुसऱ्याला संसर्ग. डॉ. एडगर रे सनाब्रिया आणि त्यांचे सहकारी डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी बाळांना आयांच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. आज ज्याला आपण कांगारू मातृसेवा म्हणतो ती पद्धत मायेच्या कौतुकातून नव्हे, पेट्यांच्या टंचाईतून आणि संसर्गाच्या धास्तीतून जन्मली. आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू बाळाच्या त्वचेवर आधी वस्ती करतात, आणि रुग्णालयातल्या घातक जंतूंना जागा कमी उरते. आई ज्या विषाणूंच्या संपर्कात येते त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधातून बाळाला मिळत राहतात. आणि आठ बाळांना शिवणाऱ्या हातांऐवजी एका बाळाला दोनच हात लागतात.

यावर पुरावा मागणाऱ्यांसाठी तोही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक चाचणी झाली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधी थांबवावी लागली. यासाठी आईची खाट नवजात कक्षातच टाकली गेली होती. आपल्या महाराष्ट्रातही या विचाराची परंपरा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून सुरक्षित करायचं आणि ज्याची आई जवळ नाही अशा बाळाला द्यायचं. वरचं दूध टाळणं हा संसर्ग टाळण्याचाच भाग आहे, हे त्या पेढीनं दाखवून दिलं.

आई बाहेरचा आजार आत आणेल, ही शंका मात्र रास्त आहे. आईला सर्दी असेल तर तिनं मास्क बांधावा, हात धुऊनच बाळाला घ्यावं. पुरळ आणि ताप असेल तर डॉक्टर ठरवतील. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली होती. मालेगाव म्हणजे नामपूरची बाळं जिथं पाठवली जातात तेच शहर. गोवराचा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळाला नियमित लस मिळत नाही. अशा वेळी कक्षाच्या दाराशी प्रत्येक येणाऱ्याची चौकशी हवीच. पण चौकशी म्हणजे बंदी नव्हे. बंदी घालायचीच तर ती पेढ्यांचा पुडा घेऊन येणाऱ्या दहा नातलगांवर घाला. आई ही भेटायला येणाऱ्यांत मोजायची नाही, उपचार करणाऱ्यांत मोजायची.

घरी गेल्यावरही हाच नियम. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना वेगळ्या खोलीत ठेवण्याची रीत होती. तिच्यातला विटाळाचा भाग टाकून द्यावा, पण लहानग्याला गर्दीपासून दूर ठेवण्याचा भाग नक्की राखावा. आता उलट होतं. बाळंतिणीची उपेक्षा तशीच आणि पाचवीला मात्र घर भरलेलं. जो येतो तो बाळाचा मुका घेतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घरी जाऊन बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, स्तनपान नीट होतंय का पाहणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करणं, इतकं त्यांनी केलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतले नवजात मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ मध्ये देशानं हे आशा कार्यकर्तीच्या कामात घेतलं. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ती ४२ दिवसांत सहा वेळा जाते. ज्या कामासाठी गडचिरोलीत पेट्यांची वाट पाहिली गेली नाही, ते बागलाणात का होऊ नये?

पेट्या नकोत असा याचा अर्थ नाही. एक किलोच्या आतल्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला मोठा कक्षच हवा, आणि तिथं प्रत्येकाला स्वतंत्र जागा हवी. पण दोन किलोच्या जवळचं, दूध पिणारं, फक्त उबेची गरज असणारं बाळ नामपूरहून नाशिकला का जावं? त्याला गावातच आईच्या छातीशी ठेवून सांभाळता येतं. ते बाळ वाचतं, आणि ज्याला नाशिकची पेटी खरोखर लागणार आहे त्याची जागाही वाचते. गर्दी कमी करण्याचा रस्ता मोठी इमारत बांधण्याइतकाच छोटी रुग्णालयं सक्षम करण्यातून जातो.

उरतो मोजण्याचा प्रश्न. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० नवजातांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १४.३ टक्के बाळांना जंतुसंसर्ग झाला होता, बहुतेकांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत. आणि अनेक जीवाणू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. विषाणूचा आजार न ओळखता प्रत्येक मलूल बाळावर प्रतिजैविक चालवत राहिलो तर हे जीवाणू आणखी माजतील. उलट शोधलं तर काय हाती लागतं, याचं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी नवजात कक्षातल्या बाळांची विष्ठा तपासली. रोटाविषाणूची लागण होती, पण बाळांना जुलाब नव्हते. तोच सौम्य विषाणू पुढं भारतीय रोटाव्हॅक लशीचा आधार झाला. २०१४ मध्ये लशीला परवाना मिळाला. कोरोनाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. श्वास अडकलेल्या बाळाच्या नाकातल्या स्रावाचा एक नमुना तिथवर पोचवणं अशक्य मुळीच नाही.

आरएसव्हीविरुद्ध गर्भवतींसाठी लस आणि बाळांसाठी प्रतिपिंडाचं एकच इंजेक्शन, दोन्ही आता जगात उपलब्ध आहेत. अमेरिकेत ही लस ३२ ते ३६ आठवड्यांदरम्यान देतात. म्हणजे तिसाव्या आठवड्यात जन्मणाऱ्या बाळाला तिचा उपयोग नाही, आणि इंजेक्शन आपल्या सरकारी दवाखान्यांच्या आवाक्यात येईपर्यंत काळ जाईल. तोवर हात, पाणी, जागा आणि आई हेच आपलं शस्त्र आहे, आणि लस आल्यावरही इतर शेकडो विषाणूंसाठी तेच राहणार आहे.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात लोकप्रतिनिधी असतात. नामपूरच्या, सटाण्याच्या, मालेगावच्या नागरिकांनी तिच्यापुढं चार गोष्टी ठामपणे मांडाव्यात. बाळ पुढं पाठवताना त्याच रुग्णवाहिकेत आई गेलीच पाहिजे, आणि नेतील तिथं तिला खाट मिळाली पाहिजे. नवजात कक्षात किती बाळांमागे किती परिचारिका, हे दर महिन्याला दारावर लिहिलं गेलं पाहिजे. कक्षातलं पाणी एक तासही बंद राहता कामा नये. आणि रुग्णालयात आल्यावर किती बाळांना संसर्ग झाला, हा आकडा मृत्यूच्या आकड्याशेजारी जाहीर झाला पाहिजे. यात नवं संशोधन लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. लागतो तो पगार, पाण्याची पाइपलाइन, एक खाट आणि खरं लिहिणारी नोंदवही. २०१७ मध्ये नाशिकला जे घडलं त्याची कारणं तेव्हाही ठाऊक होती, आजही आहेत. ठाऊक असलेल्या कारणानं बाळ दगावतं, तेव्हा त्या मृत्यूला वजन कमी होतं एवढंच उत्तर पुरत नाही.